याकोब तांडेल आणि अकरा ओळी

१९३१ सालच्या आषाढात बोर्ली पंचतनपासून चालत तासाभरावर असलेल्या एका कोळीवाड्याच्या किनाऱ्याला एका अनोळखी पुरुषाचे प्रेत लागले. पाटलाने पंचनामा केला. प्रेत बरेच दिवस पाण्यात असल्यामुळे माणूस हिंदू की मुसलमान हे ठरले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी याकोब तांडेल याने ते गोड्या पाण्याने धुतले, शिडाच्या जुन्या कापडात गुंडाळले आणि भरतीच्या रेषेच्या वर पुरले. पंधरा दिवसांनी पुण्याच्या एका साप्ताहिकात याविषयी अकरा ओळींची बातमी आली. ती मी पाठवली होती. तिच्यातले एक वाक्य खोटे होते.

मी तेव्हा बोर्लीच्या शाळेत मास्तर होतो आणि फावल्या वेळात त्या साप्ताहिकाचा बातमीदार. कोळीवाड्याचे नाव देत नाही. तिथली माणसे अजून तिथे आहेत.

याकोब खाडीवरच्या तरीवर तांडेल होता. तर म्हणजे उतारूंना या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. मक्ता उस्मानशेठ नावाच्या व्यापाऱ्याचा, होडी त्यांचीच, आणि सुकाणू याकोबच्या हातात. वय पन्नाशीच्या आतबाहेर. अंगाने सुका, उजव्या हाताची दोन बोटे वळत नसत. तपकीर ओढी. ताडी सोडली होती, पण तिची आठवण सोडली नव्हती, हे तो स्वतःच सांगे. स्वभावाने गोड म्हणता येणार नाही. होडीत बसताना कुणी घाई केली तर तो होडी मागे घेई आणि सगळे शांत होईपर्यंत पुढे आणत नसे.

त्याचे जन्मनाव गोमा. कोळीवाडा त्याला शेवटपर्यंत गोमाच म्हणत होता. म्हणजे त्याच्याविषयी बोलताना. त्याच्याशी बोलण्याला बंदी होती.

ख्रिस्ती कसा झालास, हे मी त्याला एकदा विचारले. ओहोटी होती, होडी वाळूत बसलेली, पाणी यायला अवकाश होता. त्याने सांगितले ते असे. शिंगाळा माशाचा काटा हातात शिरला. हात कोपरापर्यंत सुजला. भगत झाला, वैदू झाला. शेवटी उत्तरेकडच्या एका मिशनच्या दवाखान्यात त्याला मचव्याने नेले. तिथे हात धुऊन पट्टी बांधणारा माणूस जन्माने महार होता.

"मी त्याच्या हातचं पानी पीत नव्हतो," याकोब म्हणाला. "बादली येगळी मागून घेतली व्हती. त्याला ठाव व्हतं. तरी रोज सकाळी यायचा, पू काडायचा, हात धुवायचा. तीन म्हैने. यक दिस मी इचारलं, तुला राग न्हाय येत? तर बोलला, येतो की. पन हात तुझा न्हाय, देवाचा हाय, तू नुसता वापरतोस."

"मग?"

"मंग मला लाज वाटली. त्या दिसापास्नं त्याच्याच लोट्यानं प्यालो."

बाप्तिस्मा घेऊन तो परतला तेव्हा पंच बसले. होडीतला त्याचा हिस्सा काढून घेतला, झोपडी वाड्याबाहेर घालायला सांगितले, आणि जातीतल्या कुणी त्याच्याशी बोलू नये असे ठरले. बायको आधीच वारली होती, मूल नव्हते. उरली एक बहीण, चांगुणा. ती सुके मासे विकायची.

चांगुणेने बंदी मोडली नाही. ती याकोबच्या झोपडीवरून जाताना थांबे, डोक्यावरची टोपली खाली ठेवी आणि टोपलीशी बोले.

"आयकतंस काय गो टोपले? आज जवळा शिजवलाय. पायरीवर झाकून ठेवलाय. कुत्रं न्हेईल न्हायतर मानूस न्हेईल, मला काय."

याकोब आतून समुद्राकडे तोंड करून म्हणे, "दर्या, तुजी भैन लय खारट शिजवते."

"टोपले, त्या दर्याला सांग, जिभ येवडी नाजूक असंल तर उपाशी नीज."

पंचांपैकी एकाने तिला याबद्दल हटकले. ती म्हणाली, "टोपलीशी बोलायची बंदी केलीव का? मला कुनी सांगितलं न्हाय." हा प्रकार मी स्वतः दोनदा पाहिला आहे.

गावात देऊळ होते, मशीद होती, चर्च नव्हते. रविवारी सकाळी याकोब किनाऱ्यावर ओढलेल्या होडीत एकटाच बसे आणि गाई. आवाज वाईट होता. कोळी म्हणत, याच्या गाण्याने मासे खोल जातात. त्या तासाला तरीची होडी बंद असे. उस्मानशेठ नमाजी माणूस. शुक्रवारी दुपारी ते मशिदीत असताना तरीवरची पैशांची पेटी याकोब सांभाळी, आणि रविवारच्या त्या तासाबद्दल शेठ कुरकुर करीत नसत. उतारूंनी तक्रार केली तर म्हणत, "अरे, एक तास थांबा. तो त्याच्या खुदाशी बोलतोय, तुमच्याशी भांडत नाही हे नशीब समजा."

एरवी त्याची प्रार्थना सुकाणूवर चाले, डोळे उघडे ठेवून. मी म्हटले, तुमच्यात डोळे मिटतात ना? तो म्हणाला, "डोळे मिटले तर खडक कोन बगनार? सांभाळतो त्यो, पन सुकानू त्यानं मला दिलाय."

तरीवर एक रीत होती. महार उतारूंनी बाकीचे चढेपर्यंत थांबायचे, जागा उरली तर पुढच्या टोकाला बसायचे, नाही उरली तर पुढच्या खेपेला यायचे. याकोब सुकाणूवर आल्यावर ती बंद झाली. जो आधी आला तो आधी चढला. यावर तो भाषण करीत नसे, रांगेतल्या माणसाकडे नुसते बोट दाखवी. सुरुवातीला काही जण उतरून गेले. खाडीला दुसरी होडी नव्हती, तेव्हा परत आले. मीही एकदा शाळेला उशीर होत असताना 'पुढच्या खेपेला येतो' म्हणून काठावर थांबलो आहे. याकोबने कारण विचारले नाही. पुढच्या खेपेला त्याने मला बोट दाखवले, मी चढलो.

१९३१ च्या शिरगणतीत त्या वाड्याचे कागद माझ्याकडे होते. याकोब होडीतले पाणी उपसत होता. नाव, बापाचे नाव, धर्म एवढे सरळ झाले. जात विचारली तेव्हा त्याने उपसणे थांबवले नाही.

"ती पंचांकडं हाय."

"म्हणजे?"

"काडून घेतली नव्हं? त्यांच्याकडंच असंल. तितं जाऊन लिवा."

"चेष्टा नको, याकोब. रकाना रिकामा ठेवता येत नाही. कोळी लिहू?"

"कोळी हाय ता माझ्या हातास्नी ठाव हाय. पन कुनाचा म्हनून इचारत असाल तर ख्रिस्ताचा. माझा येवडाच रकाना भरलेला हाय, मास्तर. बाकीचे तुमी भरा."

मी कोळी लिहिले.

प्रेतांचे काम त्याच्याकडे कुणी दिले नव्हते. पावसाळ्यात त्या किनाऱ्याला प्रेते लागतात. खूण पटली तर मुसलमानांची जमात नेते किंवा हिंदू नेतात. खूण पटली नाही तर दोन्हीकडची माणसे लांब उभी राहतात, कारण चुकीच्या माणसाला चुकीचा विधी हे दोघांनाही नको असते. असे प्रेत कुत्र्यांकडे जाई. याकोब आल्यापासून जाईनासे झाले. पंचनामा झाला की पाटील त्याला हाक मारी. माझ्या माहितीत अशी पाच प्रेते त्याने पुरली. पाणी स्वतःच्या झोपडीतले आणी. पुरताना मोठ्याने काही म्हणत नसे आणि वर कोणतीही खूण ठेवत नसे.

ही शेवटची गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. ती माहीत करून घेणे माझे काम होते.

आषाढातल्या त्या पुरण्याला मी हजर नव्हतो. दोन दिवसांनी गेलो. कोळीवाड्याच्या टोकाला मासे सुकवायची जागा आहे. मला त्या वासाची सवय नव्हती. नाकाला रुमाल लावून मी साधारण शंभर पावलांवर थांबलो. वाळूचा ताजा उंचवटा दिसला. त्याच्या डोक्याशी एक उभी काठी आणि तिच्यावर आडवी बांधलेली दुसरी काठी दिसली. मी परत फिरलो आणि त्याच संध्याकाळी बातमी लिहिली. त्यातले वाक्य असे होते: 'सदर ख्रिस्ती इसमाने अज्ञात मृतास आपल्या धर्माप्रमाणे पुरून वर क्रूस उभारला असून, जिवंतांवर चालेना म्हणून आता मृतांना बाटवण्याचा हा उद्योग असल्याचे बोलले जाते.' कुणी असे बोललेले मी ऐकले नव्हते. 'बोलले जाते' हे शब्द सोयीचे असतात. ते दिवस शुद्धीच्या वादाचे होते आणि संपादकांना अशी बातमी हवी असते, हे मला माहीत होते. मथळा त्यांनी दिला.

कोळीवाड्यात वाचता येणारे फारसे कुणी नव्हते. बोर्लीच्या बाजाराच्या दिवशी एका किराणा दुकानात साप्ताहिक मोठ्याने वाचले जाई. तिथून ते पोचले. चार दिवसांत पाटलाला म्हसळ्याच्या कचेरीतून हुकूम आला की बेवारस प्रेत वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय याकोब तांडेल याच्या ताब्यात देऊ नये. पाटलाने याकोबकडून तसा शब्द घेतला. उस्मानशेठांकडे दोन्ही धर्मांची माणसे गेली. जमातीचे म्हणणे, मेलेला आमचा असेल तर? हिंदूंचे म्हणणे तेच. शेठांनी याकोबला बोलावले तेव्हा मी पेढीवर होतो.

"याकोब, तुला मी काढत नाही. होडीत कोणी चढत नाही, मी काय करू सांग."

"तुमी काय करनार. नवा तांडेल धुंडा. पन ओहोटीच्या येळंला त्या काळ्या खडकाच्या बाहेरनं न्यायला सांगा. आतनं नेली तर फुटंल."

"तू तो क्रूस का लावलास, बाबा?"

याकोबने शेठांकडे पाहिले. "लावला न्हाय," म्हणाला, आणि बाहेर गेला. शेठांना ते पटले नाही. मला पटले नाही.

पुढच्या बाजाराला मी मासळीच्या ओळीजवळून जात होतो. चांगुणा बसली होती. माझ्याशी बोलायला तिला कसली बंदी नव्हती, तरी ती टोपलीशीच बोलली.

"टोपले, बोंबील कशावर सुकतात गो? काठीवर. उभी काठी, वर आडवी काठी, तिला दोरी. पावसाळा आला की आमी काठ्या काडतो. यक खोल रुतली ती न्हाय निघाली, ऱ्हायली तितंच. तिला म्हने कुरूस म्हनतात. ज्याला बोंबलाची काठी कळत न्हाय, त्यो आमच्या पोरांना शिकवतो."

आजूबाजूच्या बायका हसल्या. मी घरी आलो. रविवारी पुन्हा कोळीवाड्यात गेलो आणि या वेळी जवळ गेलो. काठी उपटून टाकलेली होती. कोळ्यांनीच उपटली होती. आडव्या काठीला दोरीचे तुकडे होते आणि माशांचे खवले चिकटलेले होते. ती तिथे याकोबच्या खड्ड्याच्या कितीतरी आधीपासून उभी होती, हे वाड्यातला प्रत्येक माणूस जाणत होता. तरी छापून आल्यावर त्यांना वाटले, गोमाने जागा मुद्दाम काठीखाली निवडली.

भाद्रपदात आणखी एक प्रेत लागले. हुकमाप्रमाणे पाटलाने म्हसळ्याला माणूस पाठवला. परवानगी यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस याकोब प्रेतापासून दहा हातांवर वल्हे घेऊन उभा राहिला आणि कुत्री व कावळे हाकलत राहिला. प्रेताला त्याने हात लावला नाही. शब्द दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेलो. वाऱ्याच्या बाजूने गेल्यामुळे वास कमी होता.

"याकोब, ती बातमी मी लिहिली होती."

"ठाव हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? हितं लिवनारं दुसरं कोन हाय?" त्याने एका कुत्र्यावर वल्हे उगारले. "वाचली मी. बोट लावून वाचली, दोनदा. अक्षर यकबी चुकलेलं न्हाय."

"मला वाटलं तो क्रूस आहे."

"शंबर पावलं चालायची व्हती, मास्तर."

मग तोच म्हणाला, "त्यो कुनाचा व्हता मला ठाव न्हाय. देवाला ठाव हाय. मी वर खून कशाला मारू? माजी खून माज्यापुरती."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "ती तवाच दिली. न दिऊन चालत न्हाय मला, तसं सांगितलेलं हाय. जड गेलं, पन दिली." मग प्रेताकडे वल्हे दाखवून म्हणाला, "पन याला माज्या माफीचा काय उपेग?"

मी त्याच आठवड्यात खुलासा लिहून पाठवला. संपादकांचे कार्ड आले: खुलासा छापल्यास मूळ बातमीचे वजन जाते, प्रकरण थंड झाले आहे, तरी आग्रह धरू नये. मी आग्रह धरला नाही. पुढच्या जूनमध्ये त्याच संपादकांच्या शिफारशीवरून मला मुंबईच्या एका दैनिकात नोकरी मिळाली.

याकोब त्याच्या आधीच, हिवाळ्यात, कोळीवाडा सोडून गेला होता. तरीवरचे काम राहिले नव्हते आणि कोळ्यांच्या होड्यांवर त्याला जागा नव्हती.

१९३६ च्या चैत्रात एका कामासाठी मी माणगावला गेलो. बाजारात मोटारीची वाट पाहत असताना भाताची पोती उतरवणाऱ्या हमालांत तो दिसला. केस पांढरे झाले होते. त्याने मला आधी ओळखले.

"मास्तर, जाडे झालात."

आम्ही एका दुकानाच्या ओट्यावर बसलो. त्याने तपकीर ओढली. माणगावात चार-पाच ख्रिस्ती घरे होती, ती रविवारी एकाच्या पडवीत जमत. "हितंबी मला हळू गा म्हनतात," तो म्हणाला. काम बरे होते. माणसे बरी होती. मग म्हणाला, "मला परत जायचंय. पोत्यांत जीव जायला नको. दर्या दिसला पायजे."

अडचण काय, हे त्याने मोजक्या शब्दांत सांगितले. पाटलाची हरकत नव्हती. वाड्याची होती. वाड्याला अजून वाटत होते की गोमा मेलेल्यांना बाटवतो. चांगुणेने सांगितले, पाटलाने सांगितले, उपयोग झाला नाही. कारण ते छापून आले होते.

"मी आता खुलासा छापू शकतो," मी म्हणालो. "मुंबईच्या पेपरात. मला कुणाला विचारावं लागणार नाही."

"तितं कोन वाचतो? तुमी येवा. वाड्यात उबे ऱ्हावा आन तोंडानं सांगा. काठी व्हती, मला कळलं न्हाय, येवडंच. ज्यानं लिवलं त्यानं सांगितलं तर आयकतील."

मी येतो म्हणालो. वैशाखी अमावस्येनंतरचा पहिला रविवार ठरला. त्या सुमारास होड्या पावसाळ्यासाठी वर ओढतात, सगळे पुरुष वाड्यात असतात. त्याने दिवस माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मोटार आली. तो पोत्यांकडे गेला.

त्या रविवारी मी मुंबईत होतो. शनिवारी रजा मागितली नव्हती. येत नाही असे पत्र पाठवले नव्हते. कचेरीत त्या दिवशी विशेष काम नव्हते.

पुढचे मला उस्मानशेठांकडून कळले. ते १९३८ मध्ये मुंबईच्या बंदरावर भेटले. नंतर मी पाटलाला पत्र घातले. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

याकोब शनिवारी माणगावहून निघाला, रात्री म्हसळ्याला राहिला आणि रविवारी सकाळी कोळीवाड्यात पोचला. धुतलेला सदरा घातला होता. मास्तर येणार आहे असे त्याने पाटलाला आधी कळवले होते, त्यामुळे पाटील खाली आला होता. पंचांतले दोघे आले होते. चांगुणा होती. एकूण वीसेक माणसे जमली. याकोब होड्यांच्या बाजूला वाळूत बसला. दुपारपर्यंत त्याने दोनदा बोर्लीच्या वाटेकडे पाहिले. पाटलाने विचारले तेव्हा म्हणाला, "येतील. लांबचा पल्ला हाय."

दुपारी भरती पुरी झाली. पाणी उतरण्याआधी शेवटची होडी वर घ्यायची होती. डाव्या बाजूला एक खांदा कमी पडत होता. याकोब उठला, सदरा काढून वाळूवर ठेवला आणि त्या बाजूला खांदा लावला. त्याला कुणी बाजूला हो म्हटले नाही. होडी वर आली.

त्याने सदरा झटकून अंगात घातला आणि म्हसळ्याच्या वाटेने निघून गेला. माणगावच्या हमालांत तो त्यानंतर परत आला नाही; कुठे गेला, हे दोघांनाही माहीत नव्हते.